कळ थांबली म्हणजे बरं झालं असं नाही

मा. तालुका आरोग्य अधिकारी,
पंचायत समिती, पारनेर
यांस,



कंबरदुखी हा साथीचा रोग नाही, त्यामुळे आपल्या कार्यालयात तिच्यासाठी तातडीची बैठक कधी बोलावली जात नसेल. डेंग्यू, सर्पदंश, जोखमीची बाळंतपणं, लसीकरणाचं उद्दिष्ट या सगळ्यांपुढे तिचा नंबर लागणार तरी कधी! शिवाय हा तालुकाच असा, की इथे कंबर दुखणं हे दुखणं म्हणून धरलंच जात नाही. थंडीत वाफ्यात उकिडवं बसून कांद्याची लागण करायची, उन्हाळ्यात तोच कांदा काढून काटायचा, गोण्या पिकअपमध्ये चढवायच्या, पहाटे दुधाचे कॅन डेअरीवर न्यायचे, नाहीतर सुप्याच्या एमआयडीसीत पाळीभर मशिनसमोर उभं राहायचं. मग कंबर दुखायचीच, असं लोक धरून चालतात. हे पत्र त्या रोजच्या दुखण्याची तक्रार करायला लिहिलेलं नाही. त्या दुखण्यात एक जागा अशी येते जिथे थांबणं महागात पडतं, आणि बाकी बहुतेक ठिकाणी घाई महागात पडते. ती जागा ओळखण्याची आपली रीत उलटी आहे. कळ उठली की माणूस सुई मारून घ्यायला पळतो; पाय बधिर झाला की ‘होईल मोकळा’ म्हणून बसून राहतो. माझं म्हणणं एवढंच, की कंबरेसाठी दवाखाना कधी गाठायचा हे कळ किती आहे यावरून ठरवू नये, शरीराचं कोणतं काम बंद पडत चाललंय यावरून ठरवावं. आणि हे तालुक्यातल्या प्रत्येक घरात पोचवायला लागणारी माणसं आपल्या हाताखाली आधीपासून आहेत.

आधी कळीचं बघू. उसण भरलेल्या माणसाकडे पाहिलं तर वाटतं, याहून वाईट काही नसेल. खोकला आला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात, कूस बदलता येत नाही. अशा वेळी गावात पायाळू माणूस शोधायची जुनी चाल आहे. जन्मताना आधी पाय बाहेर आलेला तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. गंमत म्हणजे ती खरोखर उतरते, कारण पायाळूने न शिवताही ती उतरणारच असते. सिडनीत ताज्या कंबरदुखीच्या १,६५२ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. काहींना पॅरासिटामॉल नियमित दिली, काहींना लागेल तशी घ्यायला सांगितली, आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. औषध घेणाऱ्या दोन्ही गटांतले निम्मे लोक १७ दिवसांत बरे झाले. नुसती गोळी गिळणाऱ्यांपैकी निम्मे १६ दिवसांत. म्हणजे पायाळूच्या पायाला, मलमाला, पट्ट्याला, कंबरेच्या सुईला आणि सलाइनच्या बाटलीला आपण जे श्रेय देतो, त्यातला मोठा वाटा काळाचा आहे. अंथरूण धरण्याचंही तसंच. हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला दोन दिवस पडून राहायला सांगितलं, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला म्हटलं, सोसेल तेवढं रोजचं काम करत राहा. सगळ्यांत लवकर सावरला तो तिसरा गट. ‘पंधरा दिवस उठू नको’ हा आपल्याकडे मायेने दिला जाणारा सल्ला आहे, पण साध्या कंबरदुखीला तो लाभत नाही.

कळ किती जोरात आहे यावरून आतलं नुकसान किती हे कळत नाही, ही गोष्ट पटायला अवघड आहे. आयुष्यभराचा अनुभव उलट सांगत असतो: काटा जितका खोल, तितकी वेदना जास्त. कंबरेला हा हिशेब लागू पडत नाही. सिडनीतच साध्या दवाखान्यांत कंबर दुखते म्हणून आलेल्या १,१७२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. खरोखर गंभीर कारण सापडलं ते ११ जणांत, आणि त्यांतही ८ जणांचा मणका मोडलेला होता. शंभरात एकसुद्धा पुरता नाही. पारनेर म्हणजे सिडनी नव्हे, हे मान्य. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आहे, झाडावरून आणि मोटरसायकलवरून पडणं आहे, कसलं औषध आहे हे न सांगता हातावर ठेवलेल्या पुड्या आहेत; त्यांत स्टेरॉइड असेल आणि त्या महिनोन् महिने घेतल्या तर हाडं ठिसूळ होतात. तेव्हा इथलं प्रमाण काही अधिक असेलही. तरी कंबर धरून दवाखान्यात शिरणाऱ्या बहुतेकांना धीर, चालणं-फिरणं आणि थोडे दिवस एवढंच लागतं, हे चित्र त्याने बदलत नाही. प्रश्न उरतो तो उरलेल्या मूठभरांना गर्दीतून वेगळं कसं काढायचं, याचा.

इथे बधिरपणा कामाला येतो. पण त्याआधी आपल्या भाषेतली एक अडचण सांगायला हवी. मराठीत ‘नस’ या एका शब्दात रक्तवाहिनी, स्नायूचा दोर आणि मज्जातंतू असे तिघेही बसतात. डॉक्टर ‘नस दबलीय’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात मज्जातंतू असतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र गाठ पडलेला दोर येतो, जो चोळून, ताणून, शेकून मोकळा करता येईल. मज्जातंतू ही मेंदूकडे निरोप नेणारी आणि तिथून हुकूम आणणारी तार आहे. दोन मणक्यांमधली गादी फुगून तिच्यावर टेकली की आधी ती चिडते, आणि चिडलेल्या तारेची बोंब म्हणजे कंबरेतून नडगीपर्यंत उतरणारी ती वीज. दाब वाढला किंवा रेंगाळला, की तार हळूहळू मुकी होते. मग मुंग्या येतात, कातडीवर जाड कापड पसरल्यासारखं वाटतं, चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर लक्षात येतं. पुढे हुकूमही पोचेनासे होतात. चवडा उचलत नाही, चालताना पाऊल जमिनीवर फटकन आपटतं, उंबऱ्याला अंगठा अडतो. सगळ्यांत मोठा चकवा या टप्प्यावर असतो, कारण पुष्कळदा इथेच कळ कमी होते. घरचे म्हणतात, देव पावला. प्रत्यक्षात बोंब मारणारी तार गप्प झालेली असते. गादी आपोआप आक्रसून कळ थांबली तर पायाची ताकद आणि स्पर्श परततो. तार मुकी होऊन कळ थांबली तर ताकद आणि स्पर्श जातो. दोन्हींत कळ थांबतेच, म्हणून केवळ तिच्यावरून काही ठरत नाही.

या सगळ्यात जिथे एक दिवससुद्धा दवडू नये अशी अवस्था कंबरेच्या खालच्या टोकाशी आहे. मोठ्या माणसात मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि तिथून खाली मज्जातंतूंचा झुपका लोंबतो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून वैद्यकात त्याला ‘घोड्याची शेपटी’ याच अर्थाचं लॅटिन नाव आहे, कॉडा इक्विना. त्या झुपक्यातले शेवटचे तंतू लघवी, शौच, लैंगिक संवेदना आणि बैठकीच्या भागाचा स्पर्श सांभाळतात. मोठी गादी सरकून पूर्ण झुपक्यावर बसली तर सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर होतो, लघवी तुंबते किंवा तुंबून थेंब थेंब गळते, भरल्याची जाणीवच होत नाही, आणि बहुधा दोन्ही पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा येतो. हा प्रकार दुर्मीळ आहे. पण ज्याच्यावर येतो त्याच्या हातात मोजके तास असतात. असे ३२२ रुग्ण असलेले ४२ अभ्यास एकत्र करून २००० साली मांडलेल्या विश्लेषणात दिसलं, की ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांचे पाय, स्पर्श, लघवी आणि शौच यांवरचा ताबा नंतर झालेल्यांपेक्षा चांगला परतला. त्या आकड्यावर पुढे वाद झाले, आणि ते योग्यच होते, कारण ४८ तास म्हणजे दोन दिवसांची मुभा असा अर्थ कोणी काढू नये. लघवी पुरती तुंबण्याआधी जो पोचतो त्याचं पुष्कळ वाचतं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२३ मध्ये ठरवलेल्या पद्धतीत या संशयावर एमआरआय मागितल्यापासून चार तासांच्या आत काढावा असं म्हटलं आहे. आपल्याकडे चार तास तर घरच्यांना सांगायचं की नाही हे ठरवण्यात जातात.

सांगण्याचा प्रश्न इथे खराच कठीण आहे. ‘लघवी झाल्याचं कळत नाही’ हे वाक्य उच्चारायला पुरुषालाही जड जातं. सासू-दीर-नणंदांच्या घरात सुनेला तर ते जवळजवळ अशक्य. आणि कुणी सांगितलंच, तर त्याचा अर्थ दुसराच लावला जातो: बाईला ‘गरमी झाली असेल’, म्हाताऱ्याला ‘प्रोस्टेट असेल’, तरण्याला ‘मूतखडा असेल’. तिन्ही शक्यता खऱ्या आहेत, पण कंबरदुखीच्या मागोमाग लघवीत बदल झाला तर ते तीन अंदाज नंतर. रुग्ण डॉक्टरपुढे बसतो तेव्हाही कंबरेचं सांगतो आणि लघवीचं गाळतो, कारण त्याच्या मते या दोन गोष्टींचा संबंधच नसतो. तेव्हा विचारणाऱ्यानेच विचारायला हवं, आणि नेमकं विचारायला हवं: लघवीची धार सुरू झाल्याचं कळतं का? धुताना हात लागल्याचं जाणवतं का?

बधिरपणा आला की तो कंबरेतूनच आला, असंही नाही, आणि हा धागा कांद्याच्या वाफ्यातून थेट आपल्या दारात येतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या अगदी वर, एक मज्जातंतू कातडीखालून जातो. तासन् तास उकिडवं बसलं तर तो चेंगरतो आणि पावलाचा वरचा भाग बधिर होऊन चवडा लुळा पडतो. परदेशात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांमध्ये हे इतकं दिसलं, की डॉक्टरांनी त्या आजाराला त्यांच्या कामाचंच नाव दिलं. वाफ्यातली बैठक काही वेगळी नाही. अशा बाईची कंबरही दुखतच असते, त्यामुळे दोष कंबरेला जातो आणि मणक्याचा फोटो निघतो. खरं तर बैठक मोडून दर थोड्या वेळाने उभं राहणं आणि तपासणाऱ्याने गुडघ्याजवळ बोट ठेवून पाहणं जास्त गरजेचं. दोन्ही पावलांना मोज्यासारखा चढत गेलेला बधिरपणा मधुमेहाचा असतो, किंवा ब-१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्याला तर दोन्हींचा असू शकतो. तिथे एका रात्रीत पळापळ नको, पण ‘वयानं होतं’ म्हणून सोडूनही चालत नाही. अंगाची एक बाजू अचानक बधिर होऊन तोंड वाकडं झालं किंवा जीभ जड पडली, तर तो मेंदूचा झटका. तिथे कंबरेचा विचारच करू नये, घड्याळ बघावं आणि १०८ ला फोन करावा. आणि एक गोष्ट सगळ्या प्रकारांना लागू: बधिर भागाला शेक देऊ नये. ज्याला गरम कळत नाही त्याला भाजल्याचंही कळत नाही. कंबरेच्या दुखण्यापेक्षा त्या फोडाची जखम जास्त दिवस छळते.

आता आपल्या खात्याविषयी. न दुखणारी गोष्ट धोक्याची असते, हा धडा महाराष्ट्राच्या खेड्यांना पहिल्यांदा शिकवायचा आहे असं अजिबात नाही. कुष्ठरोगाच्या निमित्ताने तो वर्षानुवर्षं शिकवला गेला आहे. न खाजणारा, न दुखणारा, स्पर्श न कळणारा चट्टा दाखवून घ्या, हे आरोग्य केंद्राच्या भिंतींनी सांगितलं, शाळांनी सांगितलं, आशाताईंनी घरोघर फिरून सांगितलं. चट्ट्यावर पेनचं टोक टेकवून ‘कळतंय का’ विचारणं ही तपासणी तालुक्यातल्या कितीतरी आशांच्या हाताला सवयीची आहे. क्षयरुग्ण आणि कुष्ठरुग्ण यांचा घरोघरी शोध तर आता एकाच फेरीत घेतला जातो. म्हणजे ज्या बाईच्या ओठांवर ‘बधिर चट्टा आहे का’ हा प्रश्न आहे आणि ‘संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलंय का’ हाही आहे, तिला कंबरेचे तीन प्रश्न देणं हा नवा कार्यक्रम होत नाही. ताप, उतरतं वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठ या तिन्हींची सांगड बसली तर मणक्याचा क्षयरोग आठवावा, एवढंच त्यात जोडायचं. अशा पाठीवर कुणी चढून चोळलं किंवा लाथ मारली तर काय होऊ शकतं, हे सांगायला नको. हजार लोकवस्तीमागे एक आशा हे प्रमाण सरकारनेच ठरवलेलं आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. साखळीतली माणसं आहेत. त्यांच्या हातात या विषयावरचा कागद नाही.

यावर पहिला आक्षेप आपल्याच खात्यातून येईल आणि तो हलका नाही: असं सांगितलंत तर पायाला मुंगी चावली तरी लोक रुग्णालयात येऊन बसतील. वर सांगितलेल्या १,१७२ रुग्णांच्या अभ्यासातच या भीतीला आधार आहे. धोक्याची म्हणून जी लांबलचक यादी पुस्तकांत असते, तिच्यातलं किमान एक लक्षण तब्बल ८० टक्के रुग्णांमध्ये निघालं. गंभीर होते एका टक्क्याहून कमी. अशी यादी भिंतीवर लावली तर ती भिंतच आजारी पाडेल. म्हणूनच यादी नको. काम बंद पडण्याची मोजकी लक्षणं हवीत, आणि त्यांच्या बरोबरीने, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, कधी येऊ नये हेही हवं. पाय बराच वेळ दुमडून बसल्यावर आलेल्या आणि झटकल्यावर गेलेल्या मुंग्यांना दवाखाना लागत नाही. नुसती कंबर धरली असेल, पायांत जोर असेल, लघवी-शौच नेहमीसारखं असेल, तर हिंडतं-फिरतं राहून काही दिवस, काही आठवडे वाट पाहावी. एका पायाच्या एका पट्ट्यात आलेला सौम्य बधिरपणा वाढत नसेल तर चार-आठ दिवसांत दाखवावा. वाढत असेल, पाऊल उचलेनासं झालं असेल, दोन्ही पायांत गेला असेल किंवा बैठकीचा भाग मुका झाला असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. पडल्या-आपटल्यानंतरच्या पाठीलाही हाच नियम. हा संदेश नीट पोचला तर गर्दी वाढण्याऐवजी तिची अदलाबदल होईल: सुईसाठी येणारे कमी, योग्य वेळी येणारे थोडे जास्त. तरीही बैठकीचा भाग बधिर वाटतो म्हणून आलेल्यांपैकी बहुतेकांच्या एमआरआयमध्ये तसं काही निघत नाही, हा सगळीकडचा अनुभव आहे, आणि तो आपल्याकडेही येईल. ती फेरी वाया गेली असं मी मानत नाही. सर्पदंशाच्या शंकेने आलेल्या माणसाला बिनविषारी साप चावला होता असं निघालं, म्हणून आपण त्याला रागावत नाही.

दुसरा आक्षेप नेमका उलट टोकाचा: एवढं विचारत बसण्यापेक्षा सगळ्यांचाच एमआरआय काढून टाकावा. पैसेवाले तसंच करतात, आणि तो कागद हातात आला की आजार सुरू होतो. ज्यांना कंबरदुखी मुळीच नाही अशा माणसांच्या एमआरआयचा धांडोळा २०१५ मध्ये घेतला गेला. विशीतल्या ३० टक्क्यांत फुगलेली गादी दिसली, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत; झिजलेली गादी विशीत ३७ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के. केस पांढरे होतात तशी गादी झिजते. मग ‘गादी सरकलीय, मणक्यात गॅप आलाय’ हे शब्द ऐकलेला माणूस वाकायला घाबरतो, काम सोडतो, आणि भीतीनेच त्याची कंबर आखडते. तपासणी हवी तिथे ती तासांत हवी. नको तिथे तिच्यासारखी महागडी चिंता नाही.

तिसरा आक्षेप लोकांचा, आणि तो बहुधा आपल्यासमोर बोलला जात नाही. ‘मोठ्या दवाखान्यात गेलं की ऑपरेशन सांगतात.’ या अविश्वासाला अडाणीपणा म्हणून झटकता येणार नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशयं इतक्या सर्रास काढली गेली, की २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली. ती गोष्ट पारनेरच्या बायकांपर्यंत पोचलेली नाही असं कोण म्हणेल? पण याला उत्तर दवाखाना टाळणं हे नाही. कंबरेच्या बहुतेक दुखण्यांना शस्त्रक्रिया लागत नाही, हे सरकारी यंत्रणेने आपल्या तोंडाने आधी सांगितलं, तरच ‘तुम्हाला मात्र आज निघायला हवं’ हे तिचं दुसरं वाक्य खरं वाटेल. नेहमी ‘जा’ म्हणणाऱ्याच्या ‘जा’ला वजन राहत नाही. पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मणक्याची अमुक शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात त्यात बसते हे योजनेच्या आरोग्यमित्राला विचारण्याची वेळ मात्र रुग्ण स्ट्रेचरवर असताना येऊ नये. ती यादी आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर असावी. मजुरीचा खाडा होतो हे खरं. पण एका दिवसाच्या खाड्याची तुलना जन्मभर नळी घालून लघवी काढण्याशी आहे, आणि हे कुणीतरी मजुराला लागण सुरू होण्याआधी सांगायला हवं, नंतर नव्हे.

चौथं, अंतराचं. तालुका पसरलेला आहे. भाळवणी-टाकळी ढोकेश्वरचा पट्टा नगर-कल्याण रस्त्यावर, सुपा-वाडेगव्हाणचा नगर-पुणे रस्त्यावर. अळकुटी-निघोजकडच्या माणसाला नगरपेक्षा आळेफाटा किंवा शिरूर जवळ. मणक्याची शस्त्रक्रिया या कुठल्याच गावात होणार नाही, ती नगरला किंवा पुण्यालाच. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन उपयोग काय, असं विचारलं जातं. उपयोग हा, की निर्णय तिथे होऊ शकतो आणि त्याला यंत्र लागत नाही. टाचांवर चार पावलं चालायला लावणं, चवड्यांवर चार पावलं चालायला लावणं, अंगठा दाबून वर उचलायला सांगणं, कापसाचा बोळा आणि टाचणी, लघवीचे दोन प्रश्न, पोटाच्या खालच्या भागावर हात ठेवून मूत्राशय तुंबलंय का पाहणं. पाच-सात मिनिटांचं काम. त्यानंतर चिठ्ठीवर दोन गोष्टी ठळक लिहिल्या जाव्यात: बधिरपणा किंवा लघवीचा त्रास कोणत्या दिवशी, कितीच्या सुमारास सुरू झाला, आणि तपासताना काय काम करत नव्हतं. ‘कंबरदुखी, पुढील उपचारासाठी’ असं मोघम लिहिलेली चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस जिल्ह्याच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसतो. ‘काल रात्री नऊपासून लघवी नाही, बैठकीचा भाग बधिर’ असं लिहिलेली चिठ्ठी रांग ओलांडते. १०८ची गाडी २०१४ पासून राज्यात मोफत धावते आहे. ती बोलावण्याचं कारण फोनवर एका वाक्यात सांगता यायला हवं, आणि ते वाक्य आशाताईला माहीत असायला हवं.

भिंतीवर लिहून आणि बैठकीत सांगून लोकांची कंबरेबद्दलची समजूत बदलते का, ही शंका रास्त आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून कंबरदुखीबद्दल टीव्हीवर मोहीम चालवली: पडून राहू नका, कामात राहा, घाबरू नका. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात तशी मोहीम नव्हती, त्यामुळे तुलना करता आली. व्हिक्टोरियात लोकांच्याच काय, डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि कंबरदुखीसाठी भरपाई मागणारे अर्ज घटले. शेजारी तसं घडलं नाही. २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिथे टीव्हीने केलं ते इथे ग्रामसभा, डेअरी आणि आठवडे बाजार करू शकतात. ज्या तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने पाणी अडवण्याचं तंत्र ग्रामसभेत बसून शिकून घेतलं, तिथे तीन प्रश्न शिकवणं अवघड असायचं कारण नाही.

तेव्हा विनंती अशी. उन्हाळ कांद्याची लागण सुरू होण्याआधीची आशांची एक मासिक बैठक या विषयाला मिळावी आणि तिथे तीन प्रश्न तोंडपाठ करून घ्यावेत: बैठकीच्या जागी स्पर्श कळतो का आणि लघवी नेहमीसारखी होते का, टाचांवर आणि चवड्यांवर चालता येतं का, बधिरपणा वाढतोय का, की दोन्ही पायांत गेलाय. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत कंबरदुखीच्या रुग्णापुढे या तिन्हींची उत्तरं लिहायला एक रकाना आखावा. रकाना कोरा राहिला तर निदान विचारलं नाही हे तरी दिसेल. पहिला प्रश्न बाईला बाईनेच, आणि घरातल्या इतरांना बाहेर पाठवून विचारावा. तो कोणत्या शब्दांत विचारायचा हे बैठकीत आशाताईंनाच ठरवू द्यावं, कारण कोणत्या घरात कोणता शब्द चालतो हे त्यांना आपल्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आपला,
पारनेर तालुक्यातील एक रहिवासी